रोह्याचा वन्समोर

माझं माहेर पेणचं आणि सासर रोह्याचं. मधे नागोठणे आणि एसटीचे धक्के, एवढंच काय ते अंतर. पण आमच्या सासूबाईंचं ऐकलं तर दोन गावांच्या मधे समुद्र असावा. पेणचे गणपती चांगले, पापड चांगले, पोहेही चांगले, इथपर्यंत त्या मान्य करायच्या. गाणं आणि नाटक मात्र रोह्याचं, त्यात पेणकरांनी नाक खुपसू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तोंड आवरायचं वळण मला माहेरी कुणी लावलं नव्हतं. त्यामुळे आमचं दोघींचं छान जमायचं, म्हणजे रोज वाद व्हायचा आणि रोज संध्याकाळचा चहा एकत्र व्हायचा.

कोकण रेल्वेचे रूळ रोह्याच्या पुढे पडत होते, ते दिवस. त्या थंडीत संक्रांतीला मी माहेरी गेले होते आणि तिथल्या मंडळाचं नवं संगीत नाटक बघितलं. नाटक मंडळातल्याच एका मास्तरांनी लिहिलं होतं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, ऑर्गन फार सुरेख वाजवायचे, आणि लिहायचेही, त्याला काही इलाज नव्हता. राजाने एका तरुणाला कैदेत टाकलंय आणि त्याची बहीण दरबारात गाऊन त्याला सोडवते, एवढीच गोष्ट. बाकी सगळा वेळ मंत्री, विदूषक आणि भालदार-चोपदार येऊन जाऊन असायचे.

आमच्याकडच्या मंडळांची तेव्हा एक रीत होती. पुरुष सगळे गावातले, कुणी किराणावाला, कुणी कंपनीत शिफ्ट करणारा, आणि नायिका मुंबईहून ठरवून आणायची. ती बाई प्रयोगाच्या दिवशी यायची, पाठ असलेलं काम चोख करायची आणि आपल्या वाटेने परत जायची. गावातली मुलगी उभी करायची म्हणजे चार घरी उत्तरं द्या. त्यापेक्षा मुंबईची बाई सगळ्यांना सोयीची पडे. या वेळी मात्र नाटक कोरं करकरीत होतं आणि ते नव्याने पाठ करायला मुंबईची बाई तयार होईना. मास्तर अडले. आणि अडले म्हणूनच त्यांना ती मुलगी सापडली.

आमच्या पेणच्या घरामागच्या आळीत गणपतीचा एक कारखाना होता. कारखानदार मूळचे हमरापूरचे. त्यांची भाची, असेल अठरा-एकोणीस वर्षांची, त्यांच्याकडे राहून कामाला असायची. तिचा बाप तिकडे खाडीकाठी मिठागरात राबायचा. मूर्तींना पहिला पांढरा हात द्यायचा आणि दागिन्यांना सोनेरी रंग भरायचा, एवढं काम तिच्याकडे. डोळ्यांची आखणी मामाची. त्या कामाला मामा दुसऱ्या कुणालाही हात लावू देत नसे. मास्तर मंडळाच्या माघी गणपतीची मूर्ती सांगायला गेले, तेव्हा ही मागे बसून रंग देता देता गुणगुणत होती. मास्तर मूर्तीचं विसरून तिथेच बसले म्हणे.

मामाचं मन वळवायला फार वेळ लागला, आणि त्याहून जास्त वेळ 'नाय'चं 'नाही' करायला लागला. तरी पेणच्या प्रयोगात एकदा, भर दरबारात, राजाने विचारलं, "मुली, तुला भय वाटत नाही?" आणि ही ताठ मानेने म्हणाली, "नाय." लोक हसले, पण आपल्या पोरीला हसावं तसं हसले. मला विचाराल तर राजाला ते उत्तर बरोबर मिळालं होतं.

पडदा वर गेला तेव्हा मी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. तिचं पहिलं पद संपलं तेव्हा फोडलेले दाणे तसेच माझ्या मुठीत होते.

तिचा आवाज गोड नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिची एवढी स्तुती करणार आहे की कुणाला वाटेल बाईंनी सगळंच गोड मानून घेतलंय. जरा जाडसर, मोकळा, खाडीवरच्या वाऱ्यातून लांबच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला आवाज होता तो. पण एकदा सूर लावला की तो जागचा हलत नसे. आपण ऐकता ऐकता ताठ होऊन बसायचो. मला गाण्यातलं काही कळत नाही. राग कुठला, ताल कुठला, विचारू नका. मला एवढंच कळलं की ही मुलगी गाते तेव्हा मला दुसरीकडे बघता येत नाही. माझ्याच वयाच्या आसपासची, आमच्याच आळीत पाण्याचा हंडा घेऊन जाताना दहादा दिसलेली, आणि मी तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत बसले होते.

शेवटचं पद ती रडत रडत गायली. खोटं रडणं नव्हतं ते. काजळ ओघळलं, पावडर ओघळली, गालावर काळेपांढरे पाट वाहिले. वन्समोर मिळाला, तोही दणक्यात. पण मागून कुणीतरी टवाळ ओरडला, "मूर्ती विरघळली रे," आणि सगळं थिएटर खो खो हसलं. विंगेत तिचा मामा उभा होता. मला तो दिसत होता. ज्याच्या हातचे डोळे बघायला मुंबई-पुण्याचे लोक येतात, त्याच्या भाचीचं तोंड भर गावात विरघळलं, हे त्याला फार लागलं असावं.

चार दिवसांनी, सासरी परतायच्या आधी, मी निर्लज्जासारखी कारखान्यात जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती मूर्तींच्या रांगेत बसून पांढरा हात देत होती.

"फार छान झालं गो तुझं काम," एवढंच मला सुचलं.

"ताई, तुमी रोह्याच्या ना?" तिने हातातला ब्रश न थांबवता विचारलं. "पुढला प्रयोग तुमच्याकडंच हाय. मास्तर बोलले, रोह्यानं वन्समोर दिला तर पुढं सगलीकडं तूच. नायतर मुंबईची बाई. ती आता हो बोलली हाय."

नाटक पेणला गाजलं, तेव्हा मुंबईच्या बाईला पाठ करायची हौस आली होती. मंडळातल्या थोरामोठ्यांनाही तेच हवं होतं. ओळखीची रीत, विषय संपला. मास्तरांनी मधला मार्ग म्हणून ही अट घातली होती. नाटकातलं जाणणारं गाव रोहा, तेव्हा निकाल रोह्याने द्यावा.

"मिळेल की वन्समोर," मी म्हटलं.

"रोह्याची मानसं लय कडक हायत बोलतात."

"आहेत. त्यातलं एक माझ्या घरातच आहे."

ती हसली. मग ब्रश खाली ठेवून, हात फडक्याला पुसत म्हणाली, "मला परत करायचं हाय ताई. हितं बसून मी किती मूर्ती रंगवल्या, पन लोक बगतात ते डोले. ते मामाचे. पांढरा हात कुनी बगतो काय? तितं उभी रायली तवा पयल्यांदा मला वाटलं, मी हाय." एवढं बोलून ती परत कामाला लागली. मला तिथे उभं राहून रडू यायला लागलं, म्हणून मी काहीतरी कारण काढून निघाले.

रोह्याला परत आल्यावर मी सासूबाईंचं डोकं खाल्लं. पेणहून मुलगी येतेय, ऐकायलाच हवी, तुम्ही आयुष्यात असं ऐकलं नसेल. हे शेवटचं वाक्य चुकलंच. त्यांनी आयुष्यात काय काय ऐकलंय ते मला पुढचे कितीतरी दिवस ऐकावं लागलं. "वन्समोर देऊ आपण," मी म्हणाले, तर म्हणाल्या, "वन्समोर काय तिळगूळ आहे का, आला त्याच्या हातावर ठेवायला?" तरीसुद्धा प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून त्यांनी इस्त्रीची साडी काढून ठेवली होती, ते मी पाहिलं.

प्रयोग रविवारी दुपारी होता, शिफ्टवाल्यांना सोयीचा पडावा म्हणून. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि मी गजरा द्यायच्या निमित्ताने मागे गेले. रंगपटाच्या दाराशी पेणहून आलेला टेम्पो उभा होता, गणपती पोचवायचाच टेम्पो, आत अजून पेंढा पसरलेला. आत ती एका स्टुलावर बसली होती आणि तिच्या तोंडावर मलमलीचं फडकं होतं, मूर्ती घरी नेताना झाकतात तसं. शेजारी मामा उभा. मास्तर नुकतेच आत येत होते.

"पेणलाच रंगवून आनलीय," मामा म्हणाला, आणि त्याने फडकं उचललं.

समोर गौरीचा मुखवटा होता. कानाकडे रेघ ओढलेले लांब डोळे, कमानदार भुवया, गालांवर उतरत गेलेली लाली, आणि सगळ्यावर तो शांत, मंद उजेड, जो आमच्या पेणच्या कारागिरांनाच जमतो. मामाने आयुष्यभराचं कसब त्या तोंडावर ओतलं होतं. आणि ओघळू नये म्हणून, मूर्तीला देतात तसा, खाली डिंक घातलेल्या पांढऱ्याचा हात दिला होता. ओठ आणि हनुवटी तेवढी मोकळी सोडली होती, गाता यावं म्हणून.

"आता घाम येवो, पानी येवो, रेघ हलायची नाय," मामा म्हणाला. त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

रेघ हलणार नव्हती हे खरंच. पण बाकीचंही काही हलणार नव्हतं. डिंक वाळून आवळला होता. ती ओठांच्या कडेने हळूच म्हणाली, "ताई, मला हसता येत नाय. कपालाला आठी पन पडत नाय."

मास्तर मटकन पेटाऱ्यावर बसले. काढायचं तर भिजवून काढावं लागलं असतं, आणि बाहेर दुसरी घंटा झाली होती. मामाला अजून कळलंच नव्हतं की काय झालंय. मूर्तीच्या चेहऱ्याने हलायचं नसतं, हे त्याच्या बोटांत इतकं मुरलेलं होतं की माणसाच्या चेहऱ्याने हलायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मास्तर उठले. तिला म्हणाले, "बाळ, आवाज आहे ना मोकळा? मग गा," आणि ऑर्गनवर जाऊन बसले. मी जागेवर आले तेव्हा गजरा माझ्याच हातात होता.

पहिल्या प्रवेशात ती आली आणि पुढच्या रांगांतल्या बायकांचे हात जोडले गेले. कुणी ठरवून जोडले नाहीत. भाद्रपदात दरवर्षी जो चेहरा पाटावर बसवायचा, त्याला जेवायला वाढायचं, तोच चेहरा दारातून चालत आला तर दुसरं काय करणार. माझ्या शेजारी सासूबाईंचा हात कपाळापर्यंत गेला, आणि मग त्यांनी पदर सारखा केल्यासारखं केलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

ती गायली. पेणला गायली होती त्याहून चांगली गायली. पद संपलं आणि वन्समोर आला नाही.

आता रोह्यात वन्समोर न येणं म्हणजे नवलच. नावं ठेवायला कडक असलं तरी वन्समोरच्या बाबतीत आमचं गाव सढळ. त्या दुपारी विदूषकाला मिळाला, मंत्र्याला मिळाला, अगदी तबलजीलाही मिळाला. तिला मात्र नाही. दुसऱ्या पदाला नाही, तिसऱ्याला नाही. प्रत्येक पदानंतर मास्तर सुरांवर बोटं ठेवून क्षणभर थांबायचे, प्रेक्षकांकडे मान वळवायचे आणि पुढच्या प्रवेशाला लागायचे. मला त्या माणसाकडे बघवेना.

पण स्टेजवर जे चाललं होतं ते मी जन्मात विसरणार नाही. पेणला ती चेहऱ्याने रडली होती, हसली होती, घाबरली होती. इथे चेहरा बंद, आणि म्हणून बाकी सगळी ती जागी झाली होती. भाऊ कैदेत गेल्याची बातमी आली तेव्हा ती नुसती उभी राहिली आणि तिच्या मानेवरची शीर हलली. तेवढीच. मी सातव्या-आठव्या रांगेत होते आणि मला ती शीर दिसली. राजाच्या पायाशी बसताना तिने हात जमिनीवर टेकले, ते मिठागरातल्या बाया दमून बसताना टेकतात तसे, बोटं पसरून. पापण्या तेवढ्या तिच्या ताब्यात होत्या. ती त्या इतक्या सावकाश उचलायची की आपण श्वास धरून बसायचो. आणि उचलल्या की ते डोळे सरळ आपल्यावर यायचे. मामाने आखलेले होते, पण बघत होती ती.

शेवटचं पद सुरू झालं. दरबारात ती एकटी, मधोमध. पद निम्म्यावर आलं, तिने वरचा सूर धरला, आणि स्टेशनात इंजिनाने शिट्टी दिली. डिझेल इंजिनाची ती लांबलचक शिट्टी. रोह्याचे सगळे नट तिला शिव्या देतात. मुलगी थांबली. ओठ मिटले आणि तशीच उभी राहिली. ना गडबड, ना ऑर्गनकडे बघणं. शिट्टी संपेना. एवढं थिएटर भरलेलं, पण कुणी खोकलं नाही, कुणाचं पोर रडलं नाही. सगळे तिच्या त्या शांत तोंडाकडे बघत होते. शिट्टी विरली आणि तिने तोच सूर, जिथे ठेवला होता तिथूनच उचलला. मास्तरांनी ऑर्गनवर तो सूर दाबला तेव्हा तो तिच्या सुराला जाऊन मिळाला, इकडेतिकडे केसभरही नाही.

मी डोळे पुसायला पदर घेतला तर शेजारी सासूबाईंनी आधीच घेतला होता. पुढच्या बायका रडत होत्या. पलीकडे कंपनीच्या निळ्या गणवेशातला एक बाप्या उघडपणे डोळे पुसत होता. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. तिच्या वाटणीचं सगळं आम्हीच रडत होतो.

पद संपलं. मास्तर थांबले. हाच तो क्षण होता, आणि मला तो माहीत होता. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खरं सांगायचं तर तिच्यासमोर ओरडायचं मला सुचेचना. दुसरं कुणीही ओरडलं नाही. मास्तरांनी बोटं उचलली, राजाने भावाला सोडलं, पडदा पडला. टाळ्या नंतर झाल्या, उशिराने.

मी सासूबाईंना न विचारता रंगपटाकडे धावले. त्या मागोमाग आल्या. आत ती स्टुलावर बसली होती आणि मामा ओल्या फडक्याने तिचं कपाळ भिजवत होता. रंग अजून सुटायचा होता. मास्तर तिच्यासमोर उभे होते, मान खाली.

"तू चुकली नाहीस," ते म्हणत होते. "पण मी मंडळाला शब्द दिलाय. रोह्याने एकही वन्समोर दिला नाही."

"व्हय मास्तर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, दिसणं शक्यच नव्हतं, आणि ते मला सहन होईना. मी काहीतरी बोलणार एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. मास्तरांची त्यांची ओळखदेख नाही.

"अहो मास्तर," त्या म्हणाल्या, "गौर घरी आली तर तिला कुणी वन्समोर म्हणतं का? नमस्कार करतात. पुढच्या सगळ्या बायांनी केला, तुम्ही ऑर्गनमध्ये डोकं घालून बसलात. मीसुद्धा केला." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हिला विचारा, मी सहजी करणाऱ्यातली नाही."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग मामाकडे बघितलं, मग तिच्या त्या तोंडाकडे. दुपारभर काय झालं ते त्यांना एकेक करून उलगडत असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मुंबईला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "पुढचा प्रयोग नागोठण्याला आहे. तालमीला ये."

मामाने फडकं परत पाण्यात बुडवलं. आपण काय करून ठेवलंय ते त्यालाही आता कळलं होतं.

"येन," ती म्हणाली. "पन तोंड माजं मीच रंगवीन, मामा. डोले पन."

मामाने फडकं पिळलं, थोडा वेळ तसंच हातात धरलं, आणि मग तिच्या हातात दिलं. ती आरशाकडे वळली आणि स्वतःच्या डोळ्यांवरून ते हळूहळू फिरवायला लागली.